खालच्या खोलीचा आकडा

टपाल कचेरीतल्या बाईला वस्तीतली माणसं तराजूबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण तिला त्या नावाचा राग नव्हता. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. पाकीट नुसतं हातात घेतलं तरी तिला वजन कळे, पण ते काट्यावर ठेवल्याशिवाय ती राहत नसे, आणि काटा थरथरायचा पुरता थांबेपर्यंत समोरचा माणूस कितीही घाईत असला तरी त्याला ताटकळत ठेवी. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिचा शिक्का कधी तिरका उमटला नव्हता. म्हणून आरोग्य खात्यानं जेव्हा वस्तीतली चाळीसच्या चाळीस घरं तपासायची ठरवली, तेव्हा डब्या वाटायचं आणि गोळा करायचं काम कुणाकडे द्यावं यावर साधी चर्चासुद्धा झाली नाही.

खात्याची एक तरुण बाई आली होती, तिचं नाव दुसऱ्याच दिवशी डबीवाली ताई पडलं. तिनं सगळ्यांना शाळेच्या खोलीत बसवून समजावलं की ही वस्ती ज्या खडकावर उभी आहे त्यात रेडॉन नावाचा वायू तयार होतो, जमिनीच्या भेगांतून तो घरात शिरतो, त्याला ना रंग ना वास, आणि बंद खोलीत साठत साठत वर्षानुवर्षं माणसाच्या फुप्फुसात जाऊन तिथे गाठ धरवतो.

"म्हणजे न बोलावता आलेला पाहुणाच की," निवृत्त मास्तर म्हणाले, "आणि जायचं नाव नाही."

सगळे हसले. तराजूबाई हसली नाही. तिनं विचारलं, "बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसालासुद्धा?"

"हो," ताई म्हणाली. "न ओढणाऱ्यालासुद्धा."

डब्या पॉलिशच्या डबीहून जरा मोठ्या होत्या आणि त्यांच्या पोटात कोळशाचे बारीक दाणे होते. सोमवारी सकाळी आठला झाकण काढून डबी घरातल्या सगळ्यात खालच्या खोलीत ठेवायची, शुक्रवारी सकाळी आठला झाकण लावून वर पट्टी चिकटवायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत रवाना करायची, कारण कोळशानं धरलेला वायू चार दिवसांत निम्मा उडून जातो. आदल्या संध्याकाळपासून दारं-खिडक्या बंद. ये-जा करायला दार उघडलं तर पाठोपाठ लावायचं. प्रत्येक डबीबरोबर एक तक्ता होता: घराचा क्रमांक, खोली, या खोलीत किती जण झोपतात, डबी केव्हा उघडली, केव्हा बंद केली, शेरा. आकडा शंभरच्या आत आला तर निश्चिंत राहायचं, तीनशेच्या वर गेला तर उपाय करायचा. आणि चाळीस घरांना डब्या मात्र एक्केचाळीस. शेवटची उघडायचीच नाही, ती कोरी. खोटा घरक्रमांक लावून ती इतरांच्या बरोबर पाठवायची आणि तिचा आकडा जवळपास शून्य येतो की नाही यावरून प्रयोगशाळेचा खरेपणा पारखायचा.

"हे फक्त तुम्हाला माहीत," ताई तिला बाजूला घेऊन म्हणाली. तराजूबाईनं कोरी डबी कचेरीतल्या कपाटात ठेवली, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली, आणि घरी जाताना तिला वाटलं की जगात कुणी तरी कोरं असल्याची खात्री करून घ्यायची ही युक्ती बरी आहे.

तिचं घर उतारावर होतं. रस्त्याच्या पातळीला स्वयंपाकघर, बसायची खोली आणि स्वयंपाकघराला चिकटून एक चिंचोळी खोली, तिथे सध्या तिची मुलगी राहत होती. वर लाकडी जिन्यानं गेलं की तिची स्वतःची झोपायची खोली. आणि खाली, निम्मी खडकात खोदलेली, नवऱ्याची कामाची खोली. नवरा सुतार होता. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. जावई जहाजावर, मुलीला सातवा महिना, आणि त्या चिंचोळ्या खोलीत चुलीची धग आणि भांड्यांचा आवाज यांनी ती बेजार झाली होती. खालची खोली थंड, ऐसपैस, शांत. शिवाय बापानं केलेला पाळणा तिथेच होता. नातवंडाची चाहूलसुद्धा नसताना त्यानं तो करून, पॉलिश करून, चादरीखाली झाकून ठेवला होता. पोरीनं गेल्या महिन्यात माणूस बोलावून भिंतींना रंगसुद्धा काढून घेतला.

"आकडा बरा आला की मी खाली," ती म्हणाली. "आणि तो बराच येणार. आपल्या घरात कुणाचं काय वाईट होणार आहे, सगळं होऊन गेलंय."

सगळं होऊन गेलंय. तराजूबाईला तेच तर नको होतं, पुन्हा उकरून काढणं. सुतार फुप्फुसातल्या गाठीनं गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, लाकडाचा भुसा, आयुष्यभर नाकातोंडात गेला. वस्तीही म्हणाली, भुशानं खाल्ला बिचाऱ्याला. तिनंही तेच म्हणायला घेतलं आणि दोन वर्षं त्याच शब्दांच्या आधारानं ती जेवली, झोपली, कामावर गेली. कारण भुसा हा त्याच्या धंद्याचा दोष होता, आणि धंदा त्यानं लग्नाआधीच निवडला होता.

खालची खोली मात्र तिनं निवडली होती.

झालं होतं एवढंसं. तिला झोपताना खिडकी उघडी लागे, बर्फ पडो की वावटळ येवो. आणि त्याला बंद, कारण सरस वाळताना आणि पॉलिश चढताना वारा नको, धूळ नको, ही त्याची दिवसभराची सवय अंथरुणातही सुटत नसे. तो खिडकी लावी, खिट्टी सैल म्हणून कागदाच्या आठ घड्या करून त्यांची पाचर मारी. ती उठून पाचर काढी. एका रात्री तिचं डोकं फिरलं आणि ती म्हणाली, "एवढीच बंद खोलीची हौस असेल तर खाली जाऊन झोपा तुमच्या लाकडांत." तो उठला. वळकटी उचलली आणि खाली गेला. तिला वाटलं दोन दिवसांत येईल. त्याला वाटलं असेल दोन दिवसांत बोलावेल. सकाळी तो वर जेवायला येई, पोरीच्या शाळेविषयी बोले, हसे, भांडण म्हणून काही उरलंच नव्हतं. फक्त 'वर या' एवढे दोन शब्द कुणी तरी उच्चारायचे राहिले आणि राहत राहत अकरा वर्षं गेली. वजनाला दोन शब्द काय ते! पण ते तिच्याकडून काट्यावर पडलेच नाहीत.

आता ही डबी सांगणार होती की भुसा की खोली. आकडा मोठा आला तर पोर वाचेल आणि बाई मेली; आकडा लहान आला तर... तिनं स्वतःशी हिशोब बसवला की लहान आला तरी पोरीला खाली जाऊ द्यायचंच नाही, ओल आहे म्हणायचं, जिना उभा आहे म्हणून अडवायचं, काही तरी करायचं. बाळाला धोका नाही, आणि आपल्यालाही शांत मरता येईल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका गोड बोलणारा दुसरा नाही.

सोमवारी सकाळी आठला तिनं मुलीच्या देखत डबी सुताराच्या बाकावर ठेवली, झाकण काढलं आणि तक्ता भरला. 'या खोलीत किती जण झोपतात' या रकान्यापाशी तिचं पेन अडलं. मग तिनं लिहिलं, 'कोणी नाही'. मुलगी कठड्याला धरून वर गेली. तराजूबाई स्टुलावर चढली, वरच्या बाजूची एकुलती खिडकी सताड उघडली, आणि पदराला हात पुसत कचेरीत गेली.

दिवसभर ती लोकांना दटावत होती. मास्तर विचारायला आले, "बाई, माझी मांजर दर तासाला दार मागते, तिला काय अर्ज करायला सांगू?" "मांजर बाहेर नाही तर आत, एक काय ते ठरवा," ती म्हणाली, "चार दिवस नियम म्हणजे नियम." आणि हे म्हणताना तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

संध्याकाळी खाली उतरून बघते तो खिडकी बंद.

वाऱ्यानं लागली असेल. उतारावरचा वारा कुणाचं ऐकतो? ती स्टुलावर चढली, हात लावला, खिडकी हलेना. खिट्टीत पाचर होती. ती तिनं काढून खिशात टाकली आणि खिडकी पुन्हा उघडली. जुनीच असेल, राहून गेली असेल कुठे तरी फटीत, असं म्हणत ती वर आली आणि जेवताना दोनदा विचारायचं तोंडाशी आणून गिळलं, कारण विचारायचं म्हणजे उघडली कुणी हेही सांगावं लागलं असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मंगळवारी सकाळी खिडकी उघडीच होती. संध्याकाळी बंद. पाचर होती.

"तू खाली गेली होतीस का गं?" तिनं शेवटी विचारलंच.

"मी? पाय बघ माझे," मुलीनं पावलं पुढे केली, घोट्यांची हाडं सुजेत बुडून गेली होती. "सोमवारपासून जिन्याकडे बघितलं नाही मी. का? काय झालं?"

"काही नाही. नियम आहे, चाळा नको म्हणून विचारलं."

"आई, तू अगदी बाबांसारखी करायला लागलीस हं," मुलगी हसली.

बुधवारी तिनं चौकटीत वीट उभी केली. मुठीनं ढकलून बघितली, पक्की होती. तसंच खालच्या खोलीला कुलूप लावून ती कामावर गेली, आणि त्या दिवशी तिच्या हातून दोन पाकिटं काटा थांबायच्या आत उचलली गेली. बघणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण तराजूबाईला बोलायची कुणाची छाती? दुपारी एक ते दोन कचेरी बंद असे. ती गल्ल्यामागे बसून डबा खाई, मग पाच मिनिटं डोळे मिटी. बुधवारी दोन वाजता तिनं झडप उघडली तेव्हा समोर मास्तर उभे.

"मघाशी हाक मारली तर वळलातसुद्धा नाही," ते म्हणाले. "एवढ्या लगबगीनं घराकडे? लेकीचं काही नाही ना?"

"मी इथेच होते," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिच्याकडे बघितलं आणि बायकांशी वाद घालू नये हे शहाणपण त्यांना उशिरा का होईना आलेलं असल्यामुळे ते तिकिटं घेऊन गेले. ते गेल्यावर तिनं पिशवीतून डबा काढला. चारही कप्पे भरलेले होते. झोप लागली असेल, भूकच नसेल, वय झालं. पण हात धुताना तिला दिसलं की उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना राखाडी डाग आहे, शिसपेन्सिलीचा असतो तसा. कचेरीत पेन्सिल नव्हती. शिक्क्याची शाई जांभळी होती.

संध्याकाळी ती कुलूप काढून खाली उतरली. वीट भिंतीलगत नीट ठेवलेली होती, कडेला कड जुळवून, सुतार फळी ठेवी तशी. खिडकी बंद. पाचर तिनं उपसली आणि या वेळी घड्या उलगडल्या. तो टपालाच्या पावतीचा कागद होता, तिच्याच वहीतला, आणि ती वही तिच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात असे. मग तिची नजर बाकावरच्या तक्त्याकडे गेली. शेऱ्याच्या रकान्यात, तिच्या निळ्या अक्षरांखाली, चपट्या सुतारी पेन्सिलीनं तीन ओळी होत्या:

खिडकी बंद केली. एक वाजून बारा मिनिटं.
खिडकी बंद केली. एक वाजून बारा मिनिटं.
खिडकी बंद केली. एक वाजून चौदा मिनिटं. वीट होती.

जित्याची खोड म्हणतात ती... तिनं म्हण अर्ध्यावरच सोडली. अक्षर त्याचं होतं का? असेल. बत्तीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसांची अक्षरं एकमेकांवर जातात, आणि शेवटच्या आजारात त्याच्या सह्या तिनंच तर केल्या होत्या. ती बाकावर बसली. तिला भीती वाटली नाही, वाटली ती चीड. "अकरा वर्षं तोंड उघडलं नाहीत," ती मोठ्यानं म्हणाली, "आणि आता चुगल्या करता?"

खोलीत सरसाचा वास होता. नव्या रंगाखालून तो वर येत होता.

गुरुवारी तिनं रजा टाकली आणि खिडकीला हातच लावला नाही. हरल्यासारखी ती वर-खाली करत राहिली, चहा टाकून विसरली, धुतलेली भांडी पुन्हा धुतली. एका जागी बूड टेकत नव्हतं. आणि दुपारपर्यंत तिला उपाय सापडला. तो इतका सोपा होता की आधी का सुचला नाही याचं तिलाच नवल वाटलं. खोली खरं बोलते तर बोलू दे. ते पोचवायचं कुणाच्या हातात आहे?

शुक्रवारी आठला तिनं डबी बंद केली, पट्टी लावली आणि सगळ्या घरांच्या डब्यांबरोबर कचेरीत आणली. दार आतून लावलं. किटलीत पाणी उकळलं, वाफेवर धरून घरक्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या सोडवल्या; टपालातल्या माणसाला चिकटलेलं सोडवण्याची कला शिकवावी लागत नाही, फक्त ती वापरायची नसते. आपल्या घराची चिठ्ठी तिनं कोऱ्या डबीला लावली आणि कोऱ्या डबीची चिठ्ठी आपल्या. पेन्सिलीच्या ओळींचा तक्ता बारीक बारीक फाडून किटलीखालच्या जाळात टाकला आणि नवा भरला, निळ्या शाईत, शेरा: काही नाही. मग एक्केचाळीस डब्या खोक्यात भरून, दोरी बांधून, तिनं खोक्यावर शिक्का मारला. शिक्का तिरका उमटला.

पुढचे बारा दिवस तिला सरळ श्वास घेता आला नाही. मुलगी पडदे शिवत होती, पाळण्याच्या मापाची गादी शिवत होती, आणि दर संध्याकाळी विचारत होती, "आला का गं आकडा?" तराजूबाईनं ओलीचं कारण एकदा काढून बघितलं. "ओल?" मुलगी म्हणाली, "बाबा अकरा वर्षं झोपले तिथे, त्यांना नाही लागली ओल." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिच्या लक्षात येऊ लागलं की शून्य आकडा घरात आला की या पोरीला कुठलीच सबब थोपवणार नाही, आणि ते बाळ, ज्यानं अजून एकही श्वास घेतलेला नाही, ते आपले पहिले श्वास त्या खोलीत घेईल. एकदा रात्रीचं जेवण चालू असताना तिनं सांगायला तोंड उघडलं. "भात घे ना," एवढंच बाहेर पडलं.

तेराव्या दिवशी डबीवाली ताई स्वतः आली. कचेरीत नाही, घरी. मुलीनं तिला खुर्ची दिली. ताईनं पिशवीतून कागद काढला आणि मांडीवर ठेवला.

"बहुतेक घरं ठीक आहेत," ती म्हणाली. "पाच-सहा दोनशेच्या आसपास. तुमचं मात्र..." तिनं कागद तराजूबाईकडे फिरवला. "नऊशे बारा."

तराजूबाईनं आकडा वाचला. मग बोट खाली नेत शेवटच्या ओळीवर आणलं. एक्केचाळिसावी डबी. आकड्याच्या जागी लहानशी आडवी रेघ.

"ती कोरी," ताई कौतुकानं म्हणाली. "अगदी कोरी निघाली, इतकी चांगली जपलेली मी बघितली नव्हती. आणि तुमचा तक्ता तर प्रयोगशाळेत सगळ्यांना दाखवला. रोज खिडकी तपासून मिनिटासकट नोंद कोण करतं? फक्त पेन्सिल नको, पुढच्या वेळी पेन वापरा."

किटलीखालचा जाळ तिला आठवला. कागद काळा होऊन कसा वळला होता तेही. 'मी बदलल्या होत्या' असं म्हणायचं म्हणजे कबुली द्यायची, आणि कबुली दिली तर आकडा खोटा ठरेल, आणि आकडा खोटा ठरला तर पोर खाली जाईल. तिनं कागदाची घडी घातली. "बरोबर आहे आकडा," ती म्हणाली.

"एवढा मोठा आला की आम्ही पुन्हा एकदा तपासतो," ताईनं एक नवी डबी आणि नवा तक्ता टेबलावर ठेवला. "सोमवारी ठेवा, तीच खोली. नंतर जमिनीतून छपरापर्यंत नळ घालून पंखा बसवू, होईल ठीक. तोवर खाली कुणी झोपायचं नाही."

ताई गेल्यावर मुलीनं पोटावर हात ठेवला.

"म्हणजे बाबा..."

"हो," तराजूबाई म्हणाली. "भुसा नाही. खोली. आणि खोलीत मी धाडलं होतं त्यांना. खिडकीवरून."

"पण वर यायला त्यांना कुणी अडवलं होतं का?"

"नव्हतं अडवलं. बोलावलंही नाही."

मुलीला रडू फुटलं, आणि तिनं आईला दोष दिला नाही. तिनं नुसता तिचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली, चांगली सणसणीत. तराजूबाईला वाटलं, हे वाचलं. नऊशे बारातून हे एवढं वाचलं. ते कुणी वाचवलं हे तिला माहीत होतं, आणि सांगायची सोय नव्हती.

नवी डबी तिनं दुसऱ्या दिवशी कचेरीत नेली, कपाटात ठेवली आणि किल्ली दोऱ्यात ओवली. त्या संध्याकाळी ती खाली गेली. तिनं पाळणा चादरीसकट ओढत जिन्यापर्यंत आणला, शेजाऱ्याला हाक मारून तो वर न्यायला लावला, आणि मग एकटीच परत उतरली. स्टुलावर चढून खिट्टी काढली, खिडकी उघडली. आता चोरी नव्हती. आता ती उघडी ठेवायलाच हवी होती. खालच्या उतारावरून गार वारा आत आला. ती बाकावर हात ठेवून उभी राहिली.

"चुकले मी," ती म्हणाली. "पुरे झालं आता. वर या." तिनं घसा खाकरून साफ केला, कारण शब्द नीट पोचायला हवे होते. "खिडकी पाहिजे तर बंद ठेवा. मी काही म्हणायची नाही."

शुक्रवार, शनिवार, रविवार खालची खिडकी उघडीच राहिली. सकाळी उघडी, संध्याकाळी उघडी. तिनं दर वेळी जाऊन बघितलं आणि दर वेळी सुटल्यासारखा निःश्वास टाकला. सरसाचा वासही वाऱ्यानं धुऊन नेला होता. रविवारी मास्तर भेटले तर ती त्यांच्या मांजरीची चौकशी करण्याइतकी हलकी झाली होती. त्या दिवशी तिनं जेवण अगदी पोटभर घेतलं, मुलीच्या पायांना तेल लावलं, दोघींनी बाळाच्या नावावरून लटकं भांडण केलं, आणि अंधार पडायच्या आत ती वर गेली, पाठ टेकावी म्हणून.

दार ढकलल्यावर तिला प्रथम जाणवलं ते इतकंच की खोलीत आवाज नाही. अकरा आणि दोन अशी तेरा वर्षं ज्या खिडकीचं दार रात्रंदिवस खडखडत आलं होतं, ते गप्प होतं. खिडकी लावलेली होती. खिट्टीत कागदाची आठ घड्यांची पाचर होती.

तिचा हात गळ्याशी गेला. किल्ली दोऱ्यातच होती.

पलंगाशेजारच्या टेबलावर नवी डबी ठेवलेली होती, झाकण काढून, झाकण शेजारी उताणं, कडेला कड जुळवून. कोळशाचे दाणे काळे, कोरडे, नुकते उघडल्यासारखे. डबीखाली तक्ता होता. तो तिनं उचलला आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात धरला. चपटी पेन्सिल. खोली: वरची. डबी उघडली: आज, एक वाजून बारा मिनिटं. डबी बंद केली: हा रकाना रिकामा होता.

या खोलीत किती जण झोपतात: दोन.